खाडीचा वाटा

मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा गावापासून समुद्र लांब असला, तरी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवरचा पाऊस शेवटी तिथेच पोहोचतो. काही पाणी वैतरणेतून दातिवऱ्याच्या खाडीत उतरतं. वाघ नदीचं पाणी दमणगंगेतून दमणच्या किनाऱ्याला मिळतं. या पाण्याबरोबर गाळही येतो. खाडीतली निवटी जगते ती त्या गाळावर.

निवटी म्हणजे चिखलात बिळं करून राहणारा छोटा मासा. ओहोटी लागली की ती बाहेर येते, पुढच्या परांवर सरपटते, उड्या मारते. अंग ओलं असेतो कातडीतूनही श्वास घेते. तिची एक मोठी जात डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचं सूक्ष्म शैवाल खरवडून खाते. बगळे आणि खंड्या निवटीवर पोट भरतात. कोळी-आगरी घरांत तिचं कालवण आवडीनं होतं, आणि चिखलात उतरून निवट्या पकडणाऱ्या बायकांना चार पैसे मिळतात.

या चिखलाला कायद्याचं संरक्षण आहे. जिवंत चिखलपट्टे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडतात. खाडीकाठचं कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी कायम केली. पण नुसती तोड आणि भराव थांबवून खाडी वाचत नाही. वरून गोडं पाणी आणि गाळ आला नाही, तर खारटपणा वाढतो आणि चिखलाची भर थांबते.

मुंबईच्या तहानेसाठी मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झालं. त्याच तहानेसाठी आखलेल्या दमणगंगा-पिंजाळ नदीजोड प्रकल्पात वाघ नदीवर आणखी एक धरण प्रस्तावित आहे. समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं, हे गृहीतक अशा योजनांच्या मुळाशी असतं. ते चूक आहे. त्याच पाण्यावर खाडी जगते. आणि ज्या मोखाड्यातून शहराला पाणी जातं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हा अन्याय डोंगरावर सुरू होतो आणि खाडीपर्यंत जातो.

म्हणून पाण्याचा हिशेब तीन वाट्यांत झाला पाहिजे: आधी पाड्यांचा, मग नदी-खाडीचा, त्यानंतर शहराचा. बारमाही किती पाणी खाली सोडणार, हे धरणाच्या मंजुरीतच लिहिलेलं असावं. जव्हार-मोखाड्याला आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे आणि भूसंपादनाआधी तिथल्या गावांशी सल्लामसलत बंधनकारक आहे. पोशेऱ्यासारख्या गावांनी ग्रामसभेत हा प्रश्न मांडावा, आणि दातिवऱ्याच्या कोळीवाड्यानेही त्यांच्या बाजूने उभं राहावं.