शस्त्रें राखण्याचा व्यवसाय

लातुराहून एका सद्गृहस्थांचें पत्र आम्हांस आलें आहे. ते स्वतः सेवानिवृत्त शिक्षक असून त्यांची कन्या इतिहास घेऊन एम. ए. झालेली आहे. तिला आतां संग्रहालयाचें शास्त्र शिकावयाचें आहे, आणि त्यांतही जुन्या शस्त्रांचा विषय घ्यावयाचा आहे. ‘मुलीनें तलवारी-कट्यारींना तेल लावीत आयुष्य काढावें काय, आणि त्यावर पोट तरी भरेल काय?’ असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटीं एक तक्रारही आहे. घरांत पूर्वजांची एक तलवार आहे. दसऱ्यास ती विटेच्या भुकटीनें घासावयाची, चिंचेनें लखलखीत करावयाची आणि पाटावर मांडून तिला हळदकुंकू वाहावयाचें, ही वहिवाट. यंदा कन्येनें तलवारीस चिंच लावूं दिली नाहीं. भर सणाच्या दिवशीं घरांत बोलाचाली झाली.

पत्रांत प्रश्न दोन दिसले तरी मूळ एकच आहे. जुनें शस्त्र राखणें म्हणजे काय, हें कळल्यावांचून त्या व्यवसायाची योग्यता कळावयाची नाहीं, आणि चिंचेचा तंटाही मिटावयाचा नाहीं.

हा व्यवसाय साहेबांच्या देशांतून आला अशी पुष्कळांची समजूत असते. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. शस्त्र कोणत्या प्रकारचें, रूप कसें, अंगावर खूण कोणती, माप केवढें, आलें कोठून, मोल काय आणि ठेविलें कोठें, हें सर्व त्यास ठाऊक असलें पाहिजे. शस्त्रांच्या जागा वरचेवर बदलाव्या, त्यांना ऊन आणि वारा द्यावा, उष्मा, ओल किंवा कीड लागून जें बिघडूं लागेल तें उचलून दुसरीकडे ठेवावें, असेंही तो सांगतो. आजच्या संग्रहालयांतील नोंदवहीचे रकाने बहुतेक हेच आहेत. आमच्या घरांतून कौटिल्याचें नांव निघतें तें राजनीतीसाठीं. हा अध्याय सहसा कोणी उघडीत नाहीं.

पत्रकर्त्यांस याहून जवळचें उदाहरण पाहिजे असेल तर त्यांनीं एकदां नांदेडास जावें. गुरु गोविंदसिंग यांनीं १७०८ सालीं तेथें देह ठेविला. त्या स्थळीं महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्यांत गुरूंचीं शस्त्रें आजही जतन केलेलीं आहेत. रोज सायंकाळीं पाठ झाल्यावर एकेक शस्त्र उचलून, त्याची ओळख सांगून, जमलेल्या मंडळींस त्याचें दर्शन घडवितात. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाचा विधि असतो. गोदावरीचें पाणी घागरींतून आणतात, आणि त्या वेळीं शस्त्रेंही बाहेर काढून साफ करतात. तीनशेंहून अधिक वर्षें जें शस्त्र कोणाचें म्हणून ओळखलें जात आहे, तें त्यास नित्य हात लावणारा आणि त्याची हकीकत सांगणारा माणूस एकामागून एक मिळत गेला म्हणून. कांचेच्या कपाटांत किल्ली हरवून पडलेल्या तलवारीचें भाग्य इतकें थोर नसतें. तीं शस्त्रें श्रद्धेचीं आहेत, संग्रहालयाचीं नव्हेत, हा भेद आम्ही विसरत नाहीं. पण राखणदारीचा गुण दोहोंकडे सारखाच लागतो.

आतां चिंचेकडे वळूं. नांदेडाहून पूर्वेस निर्मळ-निजामाबादच्या टापूंत कोनसमुद्रम् म्हणून गांव आहे. तेथें मुशींत शिजवून काढलेल्या पोलादाला एके काळीं एवढी मागणी होती कीं, तें घेण्यास इराणी व्यापारी खुद्द गांवांत येऊन बसत. व्हॉयसी नांवाच्या इंग्रज भूवैज्ञानिकानें डोळ्यांनीं पाहिलेली ही कृति १८३२ सालीं कलकत्त्यास छापून निघाली आहे. अशा पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी उमटते. तिला जाणकार जौहर म्हणतात. ही नक्षी दिसते ती केवळ पृष्ठभागावर. विटेची भुकटी फिरली कीं ती पुसट होते, आणि दहा दसऱ्यांत पातें आरशासारखें गुळगुळीत होऊन शेजारच्या लोहारानें काल केलेल्या कोयत्यासारखें दिसूं लागतें. मुठीवर सोन्याचें काम असेल तर तें कागदाहून पातळ असतें. तेंही चिंधीबरोबर निघून येतें. चिंचेचें आम्ल धुतलें तरी सांध्यांत राहतें आणि पुढील पावसाळ्यांत आपला प्रताप दाखवितें. ओलें कुंकूही तसेंच. बोटांच्या घामांत मीठ असतें, म्हणून अभिरक्षक हातमोजे घालतो. उघड्या हातानें धरलेल्या पात्यावर कांहीं महिन्यांनीं गंजाचे ठसे उमटतात. खोबरेल आंबतें, तेव्हां तेंही वर्ज्य. आणखी एक पेंच असा कीं लोखंडास हवा कोरडी लागते, तर म्यानाचें लांकूड व चामडें फार कोरडेपणानें चिरतें. म्हणून तलवार आणि म्यान यांस वेगवेगळें ठेवावें लागतें. घरांतील जोडप्यांविषयीं मात्र आमचें मत असें नाहीं!

बंदुकीची तऱ्हा निराळी. जुनी बंदूक हातीं आली म्हणजे अभिरक्षक आधीं नळींत गज घालून आंतील खोली मोजतो आणि तोच गज बाहेरून लावून पाहतो. दोन मापांत तफावत पडली तर आंत बार शिल्लक असण्याचा संभव असतो. शंभर वर्षांपूर्वींची दारू निरुपद्रवी झाली असेल असें धरून चालणारा माणूस या कामास उपयोगी नाहीं.

तरी तेलपाणी हा या कामाचा सोपा भाग होय. कठीण भाग म्हणजे शस्त्राखालीं लावावयाची ओळींची चिठी. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें साताऱ्यास आलीं, तेव्हां तीं पाहण्यास लोटलेला जनसमुदाय सर्वांस आठवत असेल. तीं साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याजकडे होतीं असें परंपरा सांगते. परंतु अफझलखानाच्या वधांत वापरलेलीं तीं हींच, हें सिद्ध करतां येत नाहीं, असें त्या संग्रहालयानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. पुष्कळांस याचा राग आला. आम्हांस वाटतें, त्या दोन ओळी लिहिणारानें आपलें काम चोख केलें. उलट पक्षीं, एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांत महाराष्ट्र सरकारनें ४७ लाख १५ हजार रुपयांस जी तलवार सोडविली, तिच्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघोजी भोसल्यांचें नांव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द कोरलेला आहे. पातें युरोपचें, मूठ इकडची, आणि धन्याचें नांव अंगावरच! तेथें अभिरक्षकास ठाम बोलतां येतें. एखाद्या खोडकर हातानें तीं अक्षरें घासून काढलीं असतीं तर ती लिलांवांतील एक फिरंग एवढीच राहिली असती.

नोंद राहिली आणि न राहिली यांतील अंतर किती असतें पाहा. १६८९ सालीं अदवानीचा किल्ला पडला. तेथील दक्षिणी शस्त्रें बिकानेरच्या अनूपसिंहानें आपल्या गांवीं नेलीं आणि त्यांवर ठिपक्याठिपक्यांनीं अक्षरें काढून तशी नोंद करविली. म्हणून आज जगांत कोठेंही तीं शस्त्रें सांपडलीं तर ओळखतां येतात. तंजावरास आमच्याच भोसल्यांचें केवढें शस्त्रागार होतें! १८६३ च्या सुमारास त्यांतील बहुतेक माल मोडून धातूच्या भावानें काढला गेला. निवडक नग तेवढे मद्रासच्या संग्रहालयांत राहिले.

आमच्या मराठवाड्यांत या विद्येस काम नाहीं असें कोणीं म्हणावें? औसा आणि उदगीर हे दोन किल्ले पत्रकर्त्यांच्या जिल्ह्यांतच आहेत. तेथें तोफा अजून उन्हापावसांत पडून आहेत. फेब्रुवारी १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें तें उदगिरास. शेजारच्या परांड्यांतून १६३२ सालीं ओढीत नेलेली मलिक-इ-मैदान तोफ विजापुरास आहे. अहमदनगरास १५४९ सालीं ओतलेली ही अजस्र तोफ १८५४ सालीं लिलांवांत निघाली होती आणि बोली आली होती दीडशें रुपये! सुदैवानें सौदा रद्द झाला. कंधारचा किल्ला नांदेड जिल्ह्यांत आहे, माहूरास सरकारी संग्रहालयही आहे. फारसी लेख वाचणारा, मोडी जाणणारा आणि धातूची नाडी ओळखणारा माणूस मात्र येथें मिळणें दुर्मिळ.

पोटापाण्याविषयीं खोटी आशा दाखविणें बरें नव्हे. सरकारी अभिरक्षकाच्या जागा थोड्या असतात आणि वाट पुष्कळ पाहावी लागते. शिक्षणासाठीं बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठांत १९५२ पासून हा विषय शिकवितात. धातुरक्षणाच्या अभ्यासास लखनौची सरकारी प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत गायत्रीनाथ पंतांनीं शस्त्रविभाग सांभाळतां सांभाळतां भारतीय शस्त्रांवर तीन खंड लिहिले. आणि ‘मुलीनें’ या शब्दाविषयीं बोलावयाचें तर त्याच संग्रहालयाच्या पहिल्या संचालक ग्रेस मॉर्ले या बाईच होत्या.

गेल्या महिन्यांत उदगिराकडे जातांना आम्ही लातुरास उतरलों आणि ती तलवार पाहून आलों. पातें सरळ, दुधारी. मधोमध उथळ पन्हळ. टोंकाकडील अर्धें आरशासारखें. मुठीलगत, जेथें चिंधी नीट पोंचत नसे, तेथें पन्हळींत तीन रोमन अक्षरें ठोकलेलीं दिसतात. चौथ्याचा उभा दांडा तेवढा राहिला आहे. पुढें किती होतीं तें आतां कोणास सांगतां यावयाचें नाहीं. सद्गृहस्थांनीं चष्मा पुसून तें पाहिलें आणि म्हणाले, “चाळीस वर्षें मीच घासली.” कन्या कांहीं बोलली नाहीं.

दसऱ्याची तडजोड अशी ठरली: तलवार कोरड्या मऊ फडक्यानें पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा, वस्त्रावर ठेवावी, आणि हळदकुंकू पाटास वाहावें. आम्ही निघालों तेव्हां कन्या वहींत रकाने भरीत होती. माप, वजन, खुणा झाल्या होत्या. ‘आलें कोठून’ हा रकाना मोकळा होता. वडिलांनीं खुर्ची जवळ ओढली आणि आपल्या आजोबांकडून ऐकलेली औशाच्या एका चुलत घराण्याची हकीकत सांगावयास आरंभ केला, मध्येंच थांबून म्हणाले, “हें ऐकीव आहे, असें लिही हो.”