क्रौंच आणि आपण

क्रौंचांच्या जोडप्यांतील एकाचा वध पाहून आदिकवीच्या मुखांतून पहिला श्लोक बाहेर पडला, ही कथा आपणां सर्वांस ठाऊकच आहे. 'क्रौंच उडत आहेत' या सोव्हिएट बोलपटाच्या नांवानें तिचें स्मरण व्हावें, हा केवळ योगायोग; परंतु येथेंही बाण एकालाच लागतो, आणि मागें राहिलेलीचें काय झालें, हीच खरी कथा आहे. व्हिक्टर रोझोव्ह यांच्या नाटकावरून मिखाईल कालातोझोव्ह यांनीं हें चित्र १९५७ सालीं काढलें. १९५८ सालीं कान येथील महोत्सवांत त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें.

१९४१ च्या जूनमध्यें, एका पहांटे, बोरिस व व्हेरोनिका मॉस्कोवरून उडणारे क्रौंच पाहतात. थोड्याच वेळांत युद्धाची वार्ता येते. बोरिस आपण होऊन सैन्यांत जातो. गर्दीमुळें अखेरची भेटही होत नाहीं. पुढें बाँबहल्ल्यांत तिचे आईवडील मरतात, बोरिसचें पत्र येत नाहीं, आणि त्याचा नात्यांतला भाऊ मार्क एका भयंकर रात्रीं तिचा नकार जुमानीत नाहीं. ती त्याच्याशींच लग्न करते.

सैबेरियांतील रुग्णालयांत ती परिचारिका असते. बोरिसचे वडील तेथेंच शस्त्रवैद्य. वाग्दत्त वधूनें दुसरा वर पत्करल्याचें कळून एक जखमी सैनिक बेभान होतो. त्याच्या सांत्वनासाठीं वृद्ध डॉक्टर अशा स्त्रियांचा कडक धिक्कार करतात. व्हेरोनिका तो ऐकते, आणि जीव देण्यासाठीं रुळांकडे धांवत सुटते. वाटेंत मोटारीखालीं सांपडणाऱ्या एका पोराला ती वांचवते. त्याचें नांवही बोरिसच निघतें.

हा घाव चित्रांतील सर्वांत सज्जन मनुष्याच्या हातून झाला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्याचा हेतु शुद्ध होता. फक्त ऐकणारें कोण आहे, इकडे त्याचें लक्ष नव्हतें. माजघरांत, सुनालेकींच्या देखत, परक्या स्त्रियांचा न्याय करतांना आपलें तरी असतें काय?

१९४५ सालीं सैन्य परततें. फुलें घेऊन स्टेशनवर आलेल्या व्हेरोनिकेला बोरिस खरोखरच गेल्याचें त्याच्या मित्राकडून कळतें. आणि एकासाठीं आणलेलीं तीं फुलें ती रडत रडत अनोळखी माणसांस वांटूं लागते. वर पुन्हां क्रौंच उडत असतात. तिचें चुकलें कीं नाहीं, याचा निकाल चित्रपट देत नाहीं. तो देण्याची घाई आपणही करूं नये.