पोटगीच्या दारात स्त्रीच्याच शीलाची झडती का?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात पतिपत्नी विभक्त झाली की पहिला प्रश्न हटकून विचारला जातो : बाईची वागणूक कशी होती? पुरुषाची कशी होती, हे कोणी विचारीत नाही. विहारात चार पंच जमतात, बाईच्या चारित्र्याचा तासभर काथ्याकूट होतो आणि निवाडा मिळतो की, ती बदफैली, सबब तिला पोटगी नाही. ही चावडी कोणाची? पती दुःशील असला तरी स्त्रीने त्याला देवासमान मानावे, असे सांगणाऱ्या मनुस्मृतीची होळी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला झाली. तिची राख विहाराच्या ओट्यावर आणून ठेवण्याचा अधिकार या पंचांना कोणी दिला?

धम्म काय सांगतो ते प्रथम पहा. पंचशीलातील तिसरे शील पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरे असे नाही. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती उच्चारताना पुरुषांना मौन पाळण्याची सवलत नव्हती. सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत त्यांत पत्नीशी एकनिष्ठ राहणे हे एक आहे, आणि पत्नीच्या कर्तव्यांतही तेच आहे. मग तुमच्या पंचांचा तराजू एकाच पारड्याचा कसा?

आता कायदा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे. पत्नी 'व्यभिचारात राहत असेल' तर तिला या कलमाखाली पोटगी मिळत नाही, हे खरे. पण 'राहत असेल' या शब्दांकडे नीट पहा. एखादी चूक, परपुरुषाशी बोलणे, भ्रमणध्वनीवरील एखादे छायाचित्र, शेजाऱ्यांची कुजबुज, यांपैकी कशालाही व्यभिचारात राहणे म्हणत नाहीत. तसे जीवन सातत्याने चालू असले पाहिजे, असे उच्च न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. आणि आरोप करील त्या नवऱ्यानेच तो सिद्ध करावयाचा आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचा गुन्हाच घटनाबाह्य ठरविला. त्याने पोटगीचा हा अपवाद पुसला गेला नाही, हेही लक्षात असू द्या.

उलट पक्षी, नवऱ्याने दुसरे लग्न केले किंवा बाई ठेवली, तर त्याच्याजवळ नांदण्यास नकार देण्याला ते न्याय्य कारण आहे, असे हेच कलम म्हणते. ती वेगळी राहूनही पोटगी मागू शकते. पहिले लग्न लपवून दुसरीला फसविणाऱ्या नवऱ्याविरुद्ध त्या दुसरीलाही पोटगीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिला. आमच्या पंचांच्या कानी तो अद्याप गेलेला दिसत नाही!

बौद्धांच्या विवाहालाही हिंदू विवाह कायदा लागू आहे. हे नाव आपणांस रुचत नाही, ते रुचूही नये. पण त्यातील हक्क सोडण्याचे कारण नाही. कलम 25 खालील कायम पोटगी मिळविणाऱ्या बाईने पुनर्विवाह केला किंवा ती शीलभ्रष्ट झाली, तर 1955 च्या मूळ शब्दांप्रमाणे हुकूम रद्द होणे अटळ होते. 1976 च्या दुरुस्तीने ते न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविले. तो रक्कम कमी करू शकतो, रद्द करू शकतो, तशीच ठेवूही शकतो. घटस्फोटितेने सन्मानाने दुसरा संसार मांडला तर पहिल्याची पोटगी थांबावी, यात आम्हांस अन्याय दिसत नाही. अन्याय आहे तो भाकरीसाठी स्त्रीच्याच शीलाची झडती घेण्यात. देणारा कितीही बहकलेला असो, त्याच्या ताटातला घास कमी होत नाही.

बाईने केलेली प्रतारणा आम्ही झाकीत नाही. जी खरोखर दुसऱ्याच्या घरात नांदते तिने पहिल्याकडे हात पसरू नये. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे, आणि मुलांचा तर या भांडणाशी काडीचा संबंध नाही. आई कशीही असो, मुलाच्या पोटाची जबाबदारी बापाची. औरस असो वा अनौरस, कायदा तोच.

आणखी एका डावापासून भगिनींनी सावध राहावे. सोडचिठ्ठीच्या नावाखाली मुद्रांक कागदावर लिहून घेतात : "आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत, पोटगी मागणार नाही." परस्परसंमतीने वेगळे राहणे हे कलम 144 खालील पोटगी नाकारण्याचे एक कारण आहे, हे लिहून घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते. पोटगीचा हक्क सोडल्याचा असा करार लोकहिताविरुद्ध म्हणून न्यायालये मानीत नाहीत. तरीही अंगठा उठविण्यापूर्वी वकिलाला विचारा. कोणी म्हणेल, दीक्षा घेतलीस म्हणून हक्क गेला. तेही खोटे : 1956 च्या दत्तक व पोटगी कायद्यात बौद्धांचा आणि धर्मांतराने बौद्ध झालेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

अर्ज स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येतो. रक्कम थकली तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्या. त्यानंतर त्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही.