सोयीपुरतं पवित्र शास्त्र

दसरा उलटला की बीडच्या केज तालुक्यातल्या गावागावांत ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पोरंबाळं, शेळी, भांडीकुंडी, आणि पुढचे पाच-सहा महिने कुठल्यातरी कारखान्याचा फड. यात ख्रिस्ती कुटुंबंही असतात. निघण्याआधी त्यांच्यासाठी प्रार्थना होते आणि त्या प्रार्थनेत वर्षानुवर्षं मी एकच संदेश ऐकत आलो आहे: धन्याच्या अधीन राहा, धनी कठोर असला तरी कुरकुर करू नका, देव पाहतो आहे. आधार दिला जातो तो पेत्राच्या पहिल्या पत्राचा, दुसऱ्या अध्यायातल्या अठराव्या वचनाचा. उचलीत अडकलेल्या माणसाला एवढंच ऐकवून निरोप देणं हा देवाच्या नावाने केलेला अन्याय आहे.

हे वचन वाचू नका, असं माझं म्हणणं नाही. ते शास्त्रात आहे आणि ते बोचतं. माझा राग ते अठराव्यावर थांबवण्यावर आहे. पेत्र तिथे थांबत नाही. तो लगेच मार खाणाऱ्या गुलामाच्या शेजारी ख्रिस्ताला उभा करतो: निष्पाप असून शिव्या खाल्लेला, फटके खाल्लेला, लाकडावर टांगलेला ख्रिस्त. रोमी राज्यात वधस्तंभ ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती, हे त्या पत्राच्या पहिल्या वाचकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पळून जायला वाट नसलेल्या माणसांना पेत्र सांगतो आहे की तुमचा प्रभू तुमच्याच जागी उभा आहे. मग फटके मारणारा धनी कुणाच्या जागी उभा राहतो? पिलाताच्या आणि त्याच्या शिपायांच्या. हा अर्ध्या पानावरचा सरळ अर्थ आहे. तो सांगायला ग्रीक यावं लागत नाही, मुकादमाच्या रोषाची भीती बाजूला ठेवावी लागते.

वचनं निवडून ऐकवण्याचा हा उद्योग जुना आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या मळ्यांतल्या गुलामांसाठी खास एक बायबल छापलं गेलं. त्यातून मिसरच्या गुलामगिरीतून इस्राएलाची सुटका गाळली होती. जुन्या कराराचा बहुतेक भाग आणि नव्या कराराचा जवळजवळ अर्धा भाग गेला होता. धन्याची आज्ञा पाळा, हे मात्र जागच्या जागी होतं. ते मळेही उसाचेच होते. आपल्याकडे असं बायबल कुणी छापलेलं नाही. आपल्या व्यासपीठांवर ते न छापताच वाचलं जातं.

हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतकाने १९४९ च्या आपल्या पुस्तकात आजीची हकिगत लिहून ठेवली आहे. आजी जन्माने गुलाम. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून हा नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रं ती वाचू देत नसे. मळ्यावर मालकाचा गोरा पाळक वर्षातून अनेकदा गुलामांनी आज्ञा पाळण्यावरच पौलाच्या आधाराने बोलायचा. सुटका झालीच तर तो भाग पुन्हा ऐकणार नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं. प्रीतीवरचा करिंथकरांचा अध्याय तेवढा तिला चालायचा. त्या बाईला देवाच्या वचनापासून तोडलं कुणी? नास्तिकांनी नव्हे, पाळकांनी.

आणि जी वचनं या प्रार्थनांत कधी ऐकू येत नाहीत, ती पाहा. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या. त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, आणि त्याने परमेश्वराकडे गाऱ्हाणं केलं तर पाप तुमच्या माथी येईल. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर थेट शेतं कापणाऱ्यांबद्दल बोलतो: त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलं आहे. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक कर्जापायी पोरं गहाण टाकतात. नहेम्या संतापतो, सावकार-सरदारांना भर सभेत उभं करतो आणि शेतं, मळे, घरं, व्याज सगळं परत करायला लावतो. मुकादमाची उचल वर्षानुवर्षं फिटत नाही, एक दिवस आजारपणात गेला तर खाडा धरून पैसे कापले जातात, हंगाम संपला तरी अंगावर बाकी राहते आणि पुढच्या वर्षी तोच कोयता त्याच टोळीत. ज्या तालुक्यात हे घरोघरी माहीत आहे, तिथे नहेम्याचा हा अध्याय कळायला कुणाचं भाष्य लागतं? हे उतारे कठीण नाहीत. ते गैरसोयीचे आहेत, आणि गैरसोयीच्या वचनांना कठीण म्हणून बाजूला ठेवायची सवय आपल्या मंडळ्यांना लागली आहे.

खरोखर कठीण उतारे वेगळे आहेत. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात नियम आहे की धन्याने गुलामाला काठीने मारलं आणि तो एक-दोन दिवस जगला, तर धन्याला शिक्षा नाही, कारण गुलाम ही त्याची मालमत्ता. हे वाचून ज्याच्या पोटात गोळा येत नाही त्याने ते नीट वाचलेलं नाही. विचारलं की उत्तर येतं: तो जुना करार, तो आपल्याला लागू नाही. हे उत्तर दुसऱ्या शतकात मार्सियनने दिलं होतं. जुन्या करारातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, म्हणून जुना करारच टाकून द्या, असं तो म्हणाला. रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं, आणि योग्य केलं. जुना करार टाकला की निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाबरोबर मजुरीची आज्ञाही जाते, नहेम्याही जातो, मिसरमधून सुटलेले गुलामही जातात.

वाट येशूनेच दाखवून ठेवली आहे. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परूशी त्याला सूटपत्राबद्दल विचारतात, मोशेचा आधार देतात. तो मोशेला खोटं ठरवत नाही. तो म्हणतो की तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे मोशेने ते चालू दिलं, आरंभापासून तसं नव्हतं. म्हणजे शास्त्रात लिहिलेला प्रत्येक नियम हा देवाच्या मनातला शेवटचा शब्द नसतो. काही नियम कठोर माणसांच्या हातांना बांध घालण्यासाठी असतात, आणि त्यांच्याकडे पाहताना आरंभाकडे जायचं असतं, जिथे प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. मी निर्गमाचा तो नियम याच उजेडात वाचतो. त्यात मला देवाची इच्छा दिसत नाही, धन्यांच्या मनाचा कठोरपणा दिसतो. अनुवादाचा तेविसावा अध्याय पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या ताब्यात देऊ नका असं सांगतो, तेव्हा तो बांध त्याच कायद्यात सरकताना दिसतो.

मग शापाची स्तोत्रं. एकशे नववं स्तोत्र वैऱ्याची बायको विधवा व्हावी, पोरं भीक मागत फिरावीत असं मागतं. एकशे सदतिसाव्याचा शेवट तर तान्ह्या लेकरांपर्यंत जातो. रोमन कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोजच्या प्रार्थनांच्या ग्रंथातून अठ्ठावन्न, त्र्याऐंशी आणि एकशे नऊ ही तीन स्तोत्रं काढून टाकली. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, आणि का ते केजच्या माणसाला सांगता येईल. ९ डिसेंबर २०२४ रोजी आमच्याच तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून हत्या झाली. पुढे त्यांच्या छळाची छायाचित्रं लोकांसमोर आली तेव्हा घराघरांत माणसांना जेवण गेलं नाही. मोर्चे निघाले. त्या दिवसांत माझ्या कानावर आलेले संदेश क्षमेवरचे होते. ज्याचं माणूस गेलं त्याने अजून टाहोसुद्धा फोडलेला नसताना शेजारच्याने क्षमेचा उपदेश करायचा? एकशे सदतिसाव्यातला, बाबेलच्या नदीकाठी बसलेला तो स्तोत्रकर्ता हरलेला, कैद झालेला माणूस आहे. त्याचं शहर जाळलं गेलं आहे. त्याच्या हातात तलवार नाही. पोटातलं विष तो देवापुढे ओकतो आणि देवापुढेच ठेवतो. सूड प्रभूकडे सोपवा, हे पौल रोमकरांना सांगतो, ते याच प्रार्थनेनंतर शक्य होतं, तिच्याआधी नाही. तान्ह्या लेकरांबद्दलचं ते वाक्य मी कुणालाही आज्ञा म्हणून वाचू देणार नाही. लेकरांना जवळ बोलावणारा येशू त्याच्या आड उभा आहे. पण ते शास्त्रात राहू दिलं गेलं, म्हणून क्रूरपणे मारलेल्या माणसाच्या नातलगाला आपल्या मनातलं सगळं देवाला ऐकवता येतं.

आता बायकांबद्दल, आणि इथे माझा आवाज चढेल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. फडावर संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पाळीत काम थांबलं तर खाडा. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेली की कॅन्सर होईल ही भीती, आणि पिशवी काढायला पैसे पुन्हा उसनेच. टाके सुकतात न सुकतात तोच ती परत मोळ्या उचलायला.

या बायकांसमोर लेवीयचा पंधरावा अध्याय उघडा. रक्तस्राव असलेली बाई अशुद्ध, ती बसेल ती जागा अशुद्ध, तिला शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. आणि मग मार्काचा पाचवा अध्याय उघडा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. मार्क स्पष्ट लिहितो की पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसलं, होतं नव्हतं ते सगळं खर्च केलं, गुण आला नाही, उलट दुखणं वाढलं. बीडच्या बाईची हकिगत दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. लूक तीच गोष्ट सांगतो तेव्हा वैद्यांच्या हातून सोसल्याचं गाळतो. पौलाच्या पत्रात लूकला वैद्य म्हटलं आहे. यातून जो तो आपला अर्थ काढो. मला मार्काने लिहिलेलं हवं आहे.

या उताऱ्यावर आमच्याकडे होणारं प्रवचन ठरलेलं: विश्वास धर, शीव, बरी होशील. बरी झाली नाही तर विश्वास कमी पडला. पण येशू गर्दीत थांबतो, मला कोण शिवलं असं विचारतो, आणि ती थरथरत पुढे येऊन सगळ्यांसमोर सगळं खरं सांगते. लेवीयच्या नियमाने तिच्या शिवण्याने तो अशुद्ध व्हायला हवा. तो तिला रागवत नाही, मागे सरकत नाही, मुली म्हणून हाक मारतो. सभागृहाचा अधिकारी, ज्याची लेक मरायला टेकली आहे, तो शेजारी खोळंबलेला असताना येशू या कंगाल बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो. आमच्या किती मंडळ्यांत बाईने उभं राहून दवाखान्याचं, मुकादमाचं, नवऱ्याचं सगळं खरं सांगितलं आहे? साक्षीच्या वेळी तिच्याकडून फक्त आभार अपेक्षित असतात.

असं विचारलं की लोकांचा विश्वास डळमळतो, हा आरोप मला नेहमी ऐकावा लागतो. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा मिळाला आणि त्यानंतर त्यांनी तिथल्या धर्मगुरूंच्या अधिकारापासून त्रैक्यापर्यंत सगळ्याबद्दल पत्रांतून प्रश्न विचारले, त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन नाराज होत राहिल्या तरी विचारले. विश्वास गेला नाही. त्याच बाईने पुढे केडगावात मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पुरं छापून निघालं. निर्गम, लेवीय, एकशे नववं स्तोत्र, काही गाळलं नाही.

सोयीचं वाचन दुःखाच्या घरीही पोचतं. दुष्काळात, आत्महत्येनंतर, अपघातानंतर विधवेच्या घरी जाऊन कोणतं पाप घडलं ते शोध असं सांगणारे पाळक मी पाहिले आहेत. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा पापी होते का, या प्रश्नाला येशूने नाही असं उत्तर दिलेलं आहे, लूकच्या तेराव्या अध्यायात. ईयोबाचे मित्रही हेच करत होते: देवाची बाजू घेतो असं समजून दुःखी माणसावर पाप लादत होते. शेवटच्या अध्यायात देवाचा कोप ईयोबावर होत नाही, त्या मित्रांवर होतो, आणि ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, असं त्यांना सांगितलं जातं. आमच्या भागातल्या पाळकांनी हे वचन जसंच्या तसं पाळावं. ज्या घरात जाऊन त्यांनी पाप शोधायला सांगितलं, त्याच घरी परत जावं आणि त्या विधवेला आपल्यासाठी प्रार्थना करायची विनंती करावी.