चोविसाव्या हिश्शाची मोटार

भारताच्या सीमाशुल्काच्या कोष्टकात ९५०३ क्रमांकाचे एक शीर्षक आहे. तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या गाड्या, सर्व प्रकारची कोडी आणि इतर खेळणी यांच्या पंक्तीत तेथे प्रमाणबद्ध लघुप्रतिकृतींनाही बसविण्यात आले आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात या शीर्षकाखालील बहुतेक वस्तूंवरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेण्यात आले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. निकृष्ट परदेशी खेळण्यांना आळा बसावा व देशी उद्योगाला वाव मिळावा, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्या एका ओळीमुळे एक निरुपद्रवी आणि शिक्षणदृष्ट्या मोलाचा छंद बाहुल्यांच्या रांगेत जाऊन बसला, याची दखल फारशी कोणी घेतली नाही. हा छंद म्हणजे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून मोटारींच्या प्रतिकृती जुळविणे आणि रंगविणे.

दोष एकट्या सरकारचा आहे असेही नाही. कोष्टक लिहिणाऱ्याने जे केले, तेच आपला सुशिक्षित समाज रोज करीत असतो. चाळिशीतला एखादा कारकून रविवारी दुपारी टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून वीतभर लांबीच्या मोटारीचे दार घासत बसलेला दिसला, तर घरातली माणसे हसतात आणि शेजारी ‘अजून लहानपण गेले नाही’ म्हणून मोकळे होतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने तेच केले तर त्याला परीक्षेची आठवण करून देण्यात येते. ज्यातून गुण मिळत नाहीत आणि पैसाही मिळत नाही, असा हाताचा कोणताही उद्योग आपल्याकडे पोरखेळ ठरतो. हे मत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

पेटीत असते काय?

अशा संचाची पेटी उघडली की हाती मोटार येत नाही. फांदीला कैऱ्या लोंबाव्यात तसे शंभरएक सुटे भाग ज्यांना जडलेले आहेत अशा प्लॅस्टिकच्या काही चौकटी, रबरी टायर, पारदर्शक काचा, पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा कागद आणि एक सूचनापत्रिका, एवढाच तो ऐवज. प्रमाण बहुधा १:२४ किंवा १:२५ असते. साडेचार मीटर लांबीची मोटार चोविसाव्या हिश्शाने पावणेएकोणीस सेंटिमीटरांत उतरते. लांबी चोविसाव्या हिश्शाची झाली की पृष्ठफळ ५७६ व्या आणि घनफळ १३,८२४ व्या हिश्शाचे होते. एक हजार किलो वजनाची मोटार त्याच घनतेने लहान केली तर ती जेमतेम ७२ ग्रॅम भरेल. वर्गात फळ्यावरून उतरवून घेतलेले हे गणित येथे तळहातावर येऊन बसते.

पुढचे काम संयमाचे आहे. प्रत्येक भाग चौकटीपासून कापावयाचा, कापल्याची खूण बारीक पॉलिश पेपरने घासावयाची, भाग धुऊन वाळवावयाचा. जोडण्यासाठी जे द्रव्य वापरतात तो डिंक नव्हे. ते प्लॅस्टिकच्या दोन्ही कडा क्षणभर विरघळविते आणि त्या एकजीव होतात. म्हणूनच येथे चूक सहजासहजी पुसता येत नाही. काचेवर एक थेंब सांडला तर ती काच डागाळलीच.

खरी कसोटी रंगाची. रस्त्यावरच्या मोटारीवरील रंगाचे सर्व थर मिळून सुमारे शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाडीचे असतात. चोविसाव्या हिश्शाने ही जाडी चार मायक्रॉनांच्या आसपास येते. इतका पातळ थर हाताने देणे जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे रंग जितका कमी तितका चांगला, हे पहिले सूत्र ठरते. जाड थर दिला की दारांच्या रेषा बुजतात आणि मोटार मेणात बुडविल्यासारखी दिसते. आधी प्रायमर, मग एकामागून एक विरळ थर आणि प्रत्येक दोन थरांमध्ये वाट पाहणे, असा हा क्रम आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकर मारले तर त्यावर पांढुरकी साय धरते, हे मुंबई-कोकणातील हौशी माणूस एकदा हात पोळल्यावर शिकतो. घाई केल्याची शिक्षा येथे तत्काळ मिळते आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

डेट्रॉइट ते शिझुओका

या छंदाचा जन्म मुलांच्या करमणुकीतून झालेला नाही, तो विक्रीकलेतून झाला. ब्रिटनमध्ये एअरफिक्सने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती बनविली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींच्या उपयोगासाठी. पुढे तीच सुट्या भागांच्या रूपात बाजारात आली. अमेरिकेत डेट्रॉइट येथे १९४८ मध्ये निघालेली ए.एम.टी. ही कंपनी मोटार-विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांचे छोटे तयार नमुने करीत असे. १९५८ मध्ये तिने सुट्या भागांचे असे संच आणले की, एकाच पेटीतून तीन प्रकारची मोटार करता यावी: कारखान्यातून निघते तशी, मालकाच्या हौसेप्रमाणे बदललेली किंवा शर्यतीची. मुलाला केवळ जुळवावयाचे नव्हते, निवडावयाचेही होते. ए.एम.टी.च्या यशाचे हे एक मोठे कारण होते.

दुसरे कारण अर्थशास्त्रीय आहे. प्लॅस्टिकच्या उद्योगात सारा खर्च पोलादी साच्यात असतो. साचा कोरण्यास अफाट पैसा व कौशल्य लागते. तो एकदा तयार झाला की पुढच्या प्रत्येक नगाला लागणारे पॉलिस्टायरीन किरकोळ किमतीचे असते. साहजिकच साच्याचा खर्च जितक्या अधिक नगांवर आणि जितक्या अधिक गिऱ्हाइकांवर वाटला जाईल, तितका संच स्वस्त पडतो. विक्रेत्याचा नमुना आणि मुलाचा संच यांनी तो भार वाटून घेतला, म्हणून अमेरिकेतील शाळकरी पोराला आपल्या खाऊच्या पैशात मोटार घेता आली. पुढे या धंद्याचे दिवस फिरले. १९७३ मध्ये खनिज तेल भडकले आणि त्याबरोबर प्लॅस्टिकही महागले. १९७८ मध्ये ए.एम.टी. ब्रिटनच्या लेस्नी कंपनीच्या हाती गेली आणि १९८१ मध्ये एअरफिक्सचाही डोलारा कोसळला. परंतु मालक बदलले तरी साचे टिकले. अनेक जुने संच आजही नव्या पेटीत पुन्हा निघतात.

जपानमधील शिझुओका शहराची कथा याहून बोधप्रद आहे. तेथील देवळांच्या बांधकामासाठी जमलेल्या सुतारांमुळे या गावात लाकूडकामाची परंपरा रुजली, असे सांगितले जाते. तामिया ही आज जगभर नावाजलेली कंपनी मुळात १९४६ मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. ती आधी लाकडी प्रतिकृतींकडे वळली आणि १९६० मध्ये प्लॅस्टिककडे. १९७६ मध्ये तिने पोर्शे मोटारीचा बाराव्या हिश्शाचा संच काढला. त्याआधी कंपनीचे सूत्रधार शुन्साकू तामिया यांनी एक खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी करून अभ्यासली होती. एवढा खर्च एका संचातून निघेना, तेव्हा त्याच गाडीला दूरनियंत्रणाची जोड देऊन दुसरी वस्तू बाजारात आणली गेली. ज्या गावाने लाकडाचा कारागीर वाया जाऊ दिला नाही, ते गाव प्लॅस्टिकच्या युगात प्रतिकृतींची राजधानी झाले.

उपभोग की उत्पादन?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात असा संच विकत घेणे म्हणजे उपभोग. पेटीची किंमत हिशेबात धरली जाते, परंतु तिच्यावर खर्ची पडलेले चाळीस तासांचे श्रम कोठेही नोंदले जात नाहीत. वास्तविक येथे विकत घेतला जातो तो केवळ कच्चा माल. खरी वस्तू घरात तयार होते आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट तयार होते, ती म्हणजे करणाऱ्याचा हात.

स्वीडनचे अर्थतज्ज्ञ स्टाफन लिंडर यांनी १९७० मध्ये एका विसंगतीकडे लक्ष वेधले होते. उत्पन्न वाढते तसतसा माणसाचा प्रत्येक तास महाग होतो आणि म्हणून तो अशा सुखांकडे वळतो, ज्यांना पैसा अधिक आणि वेळ कमी लागतो. टिबोर सिटोव्हस्की यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात आरामाचे सुख आणि उत्तेजनाचे सुख असा भेद केला. आराम विकत घेता येतो. दुसऱ्या प्रकारच्या सुखाला मात्र कौशल्य लागते आणि ते शिकावे लागते. दोघांचेही विवेचन श्रीमंत पाश्चात्त्य समाजाला उद्देशून होते. आज ते आपल्या मध्यमवर्गाला तंतोतंत लागू पडते. हातातल्या पडद्यावर बोट फिरविण्यास कसलेही कौशल्य लागत नाही, आणि तासाभराने मागे काही उरतही नाही. धातूची तयार मोटार कपाटात आणून ठेवली तर तिचे सुख खरेदीच्या दिवशी सर्वाधिक असते व तेथून घटत जाते. संचाचे सुख खरेदीनंतर सुरू होते.

आक्षेप आणि उत्तरे

या छंदावर काही रास्त आक्षेप घेता येतात. पहिला खर्चाचा. ७० टक्के शुल्क आणि त्यावरील इतर कर भरून आलेला संच विद्यार्थ्याच्या किंवा नव्याने नोकरीला लागलेल्या कारकुनाच्या आवाक्यात राहत नाही. हा आक्षेप खरा आहे, परंतु तो छंदापेक्षा धोरणाविरुद्ध अधिक आहे. संरक्षक शुल्काचे समर्थन एकाच अटीवर होऊ शकते: ज्या उद्योगाला संरक्षण द्यावयाचे तो देशात असावा किंवा उभा राहण्याच्या बेतात असावा. आपल्या खेळणी-उद्योगाचा भर तयार खेळण्यांवर आहे, जुळवावयाच्या संचांवर नाही. तेव्हा हे शुल्क येथे कुंपणाचे काम करते खरे, परंतु कुंपणाच्या आत पीक दिसत नाही.

दुसरा आक्षेप नकलेचा. दुसऱ्याने आखलेले भाग दुसऱ्याच्या सूचनेबरहुकूम जोडण्यात कसली निर्मिती, असे विचारले जाईल. सूचनापत्रिकेवर थांबणाऱ्याच्या बाबतीत हे खरे आहे. पण चांगला हौशी तेथे थांबत नाही. आसनाच्या कापडाचा रंग किती विटला होता, गंज प्रथम कोठे धरतो, चिखल चाकाच्या मागे कसा उडतो, हे पाहावयास तो रस्त्यावर उतरतो. आणि पाहणे ही निर्मितीची पहिली पायरी आहे.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. त्याचे उत्तर प्रत्येक मराठी घराच्या अंगणात आहे. दिवाळीत माती, दगड आणि पोती यांतून किल्ला उभारणारी मुले दुसरे काय करतात? बुरूज तटापेक्षा किती उंच, मावळा दरवाज्यापेक्षा मोठा दिसू नये म्हणून काय करावे, हे प्रमाणाचेच प्रश्न असतात. गणपतीच्या मखरासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोरला गेलेला थर्माकोल आणि या संचांचे प्लॅस्टिक रसायनाने एकच, पॉलिस्टायरीन. एक फुगविलेले, दुसरे टणक, एवढाच फरक. हात आपल्याकडेही आहे. मात्र तो दहावीच्या वर्षी किल्ल्याबरोबरच मोडला जातो, आणि शाळेतला कार्यानुभवाचा तास बहुधा राहिलेला पाठ्यक्रम उरकण्यासाठी खर्ची पडतो.

काय करता येईल

सरकारने सीमाशुल्काच्या कोष्टकात न जुळविलेल्या प्रतिकृती-संचांसाठी स्वतंत्र ओळ घालावी आणि तिच्यावरील शुल्क कमी करावे. महसुलाला त्याने धक्का बसण्याइतका हा व्यापार मोठा नाही. पण खरा उपाय देशी संच हाच आहे. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात मोटारींच्या भागांचे साचे करणारे कारागीर आहेत आणि छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूमसारखी प्रशिक्षण देणारी संस्था आहे. अडचण कौशल्याची नाही, बाजारपेठ लहान असण्याची आहे, आणि तिच्यावरचा तोडगा डेट्रॉइटने १९५८ मध्येच दाखविलेला आहे. मोटार-कारखान्यांनी जाहिरातीवरील खर्चाचा अल्पसा अंश साच्यांत घातला, तर तोच साचा विक्रेत्याच्या टेबलालाही उपयोगी पडेल आणि शाळेच्या कार्यानुभवालाही.

विषयांना तोटा नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत निघत राहिलेली अँबॅसडर आहे, एस.टी.ची लाल बस आहे आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची गेली. तिच्या दाराचा आवाज, मीटरचे लोखंडी निशाण, टपावरचे सामानाचे कठडे हे सारे लाखो लोकांच्या रोजच्या जगण्यातले होते. ती टॅक्सी जुळविताना आणि तिचा पिवळा टप रंगविताना एखाद्या मुलाने वडिलांना विचारले की हा कठडा नेमका कोठे बसत असे, तर त्या प्रश्नातून जे सुरू होईल त्याला खेळणे म्हणता येणार नाही.