गाडी विकली गेली, पत्र जुन्या पत्त्यावर

१९ ऑगस्ट २०२३ रोजी महिंद्रा अँड महिंद्राने शेअर बाजाराला एक माहिती कळवली. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात तयार झालेल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्यांच्या इंजिनाजवळचं वायरिंग तपासायचं होतं, कारण ते घासून कापलं जाण्याची शक्यता होती. त्याच दिवशी ३,५६० इलेक्ट्रिक एक्सयूव्ही ४०० गाड्याही तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. त्यांच्या ब्रेकच्या पोटेन्शिओमीटरची स्प्रिंग दाबल्यावर हवी तशी परत येत नव्हती. दोन्ही कामं मोफत, आणि ग्राहकांना कंपनी स्वतः कळवणार होती.

बॉनेट उघडून पाहिलं तर काळ्या नालीदार नळीत बांधलेला वायरींचा जुडगा इंजिनाच्या कडेने वळसे घेत गेलेला दिसतो. जागोजागी प्लॅस्टिकच्या क्लिपा त्याला धरून ठेवतात. एखादी क्लिप चुकीच्या जागी बसली किंवा वळसा थोडा सैल राहिला, की जुडगा पत्र्याच्या धारेला टेकतो. इंजिन थरथरत असतं आणि रस्ता दणके देत असतो. आधी नळी झिजते, मग वायरीवरचं आवरण, आणि शेवटी तांबं उघडं पडतं. उघडी तार बॉडीला चिकटली तर कधी नुसता फ्यूज उडतो, कधी गाडी चालता चालता बंद पडते आणि कधी धूर निघतो. असा दोष गाडी चालवणाऱ्याला आधी कळत नाही. स्टिअरिंगवर बसून तो जाणवत नाही, त्याचा आवाजही येत नाही. म्हणून कंपनीचा निरोप मालकापर्यंत पोचणं हीच त्यावरची एकमेव सूचना असते.

हा निरोप पोचतो का, याचं उत्तर शोधायला भिवंडीजवळच्या पूर्ण्यासारखं दुसरं ठिकाण नाही. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा, राहनाळ करत अंजूरफाट्याला जाणारा हा जुना रस्ता. दोन्ही बाजूंना गोदामं, मधे कंटेनर आणि टेम्पो, डोक्यावर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब. या मार्गिकेवर पूर्ण्याच्या नावाचं स्थानकही आहे. पावसाळ्यात रस्त्याची जी अवस्था होते ती इथल्या माणसाला सांगायला नको. अशा रस्त्याला उंच गाडी लागते. आठवडाभर गोदामावर फेऱ्या, रविवारी वज्रेश्वरी, चैत्रात कार्ल्याची एकवीरा आणि हळदीच्या रात्री पाहुण्यांना आणणं-सोडणं, हे सगळं घरातली एकच सात सीटर करते.

आणि ती गाडी एका घरात फार काळ राहत नाही. तीन-चार वर्षांनी ती एक्स्चेंजमध्ये जाते, डीलरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून ओळखीतल्या तिसऱ्याकडे. आरसीवर नाव चढायला कधी महिने जातात. वॉरंटी संपलेली असते, त्यामुळे नवा मालक कंपनीच्या वर्कशॉपकडे फिरकत नाही. फाट्यावरचा ओळखीचा मिस्त्री निम्म्या पैशात सर्व्हिसिंग करून देतो, आणि चांगलं करून देतो. पण कंपनीच्या यादीत अजून पहिल्याच मालकाचा मोबाइल आणि पत्ता असतो. तपासणीचं बोलावणं त्याच्याकडे जातं. त्याने गाडी विकून जमाना झालेला असतो, तो मेसेज पुसून टाकतो. ज्याच्या गाडीत पोरं मागच्या सीटवर झोपलेली आहेत, त्याला काहीच कळत नाही.

गाड्या तपासणीला बोलावणं हा कंपनीचा गुन्हा नाही, हे आधी ठामपणे सांगायला हवं. हजारो सुट्या भागांच्या यंत्रात चूक होणारच, आणि ती जाहीर करणारी कंपनी झाकून ठेवणाऱ्या कंपनीपेक्षा केव्हाही बरी. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची आचारसंहिता आणली, तेव्हापासून हे उघडपणे होऊ लागलं. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी बोलावल्या. त्यांत ब्रेझा आणि ग्रँड विटारा या घरोघरच्या एसयूव्हीही होत्या. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं. हे सांगायला धैर्य लागतं, आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मारुतीनेच ३९,५०६ ग्रँड विटारा बोलावल्या. दोष इंधन दाखवणाऱ्या निर्देशकात होता. टाकीत किती पेट्रोल आहे हे तो बरोबर दाखवेलच याची खात्री नव्हती. ऐकायला किरकोळ वाटतं. पण समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा तो रस्ता भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत आला. पूर्ण्याचा माणूस आता पहाटे निघून ताशी १२० च्या वेगमर्यादेत शिर्डी गाठतो. त्या रस्त्यावर रात्री मधल्याच लेनमध्ये पेट्रोल संपून गाडी थांबली, तर मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसेपर्यंत किती वेळ हाताशी असतो याचा विचार करावा. दोष छोटा की मोठा हे गाडी कुठे धावते त्यावर ठरतं.

कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११० अ हे कलम आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. कंपनीने स्वतःहून पाऊल उचललं नाही आणि सरकारला आदेश द्यावा लागला, तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. मालकांच्या तक्रारींसाठी सरकारचं पोर्टल आहे. इथपर्यंत सगळं ठीक.

खटकतो तो आकडा. वर्षाला १०,००० हून अधिक खप असलेल्या कार किंवा एसयूव्हीबाबत १,२५० तक्रारी हा उंबरठा ठरवलेला आहे. चाचणी संस्थेच्या अहवालावरून किंवा इतर माहितीवरूनही सरकारला हलता येतं, हे खरं. पण सामान्य मालकाच्या हातात फक्त तक्रार आहे, आणि ती एकट्याची आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर शंभर जण एकच रडगाणं गात असले तरी त्यातलं एकही रडगाणं या मोजणीत धरलं जात नाही. सीटच्या कापडाची शिवण उसवणं आणि ब्रेक न लागणं यांना एकच गज लावू नये. एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग आणि आग यांच्या तक्रारी पाच-पंचवीस आल्या तरी तपास सुरू झाला पाहिजे. अमेरिकेत महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे आलेल्या तक्रारी मॉडेलनुसार कुणालाही वाचता येतात, आणि गाडी घेणारे त्या वाचतात. भारतातल्या ग्राहकालाही तशी उघडी वही मिळायला हवी.

तक्रारीची सुरुवात मात्र वर्कशॉपच्या काउंटरवर होते, आणि तिथेच ती बहुतेकदा विरते. मालक सांगतो, ‘चढावर गाडी एकदम पिकअप सोडते, डॅशबोर्डवर दिवा लागतो.’ सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर जॉब कार्डावर लिहितो, ‘जनरल चेकअप’. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून मिळते, कागदावर ‘दोष आढळला नाही’. असं तीनदा झालं की मालकाकडे तीन जॉब कार्डं असतात आणि एकावरही त्याची खरी तक्रार नसते. पुढे ग्राहक आयोगात गेल्यावर हाच कागद त्याच्या विरुद्ध उभा राहतो. म्हणून आपली तक्रार आपल्याच शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. अ‍ॅडव्हायझर कुरकुर करेल, करू द्यावी. लागलेल्या दिव्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आयोगात जाऊन काय मिळतं, हे विचारणाऱ्यांसाठी एक निकाल आहे. दिल्लीच्या एका ग्राहकाने ऑगस्ट २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटा घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि त्याच्या डोक्याला, छातीला मार बसला. प्रकरण दिल्लीच्या राज्य आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २० एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने ३ लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. धडक किती जोराची झाली तर एअरबॅग उघडते, याचं भौतिकशास्त्र ग्राहकाला माहीत असण्याची अपेक्षा करता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. एअरबॅग आहेत म्हणून माणूस पैसे मोजतो. त्या उघडतील असं समजून चालण्याचा त्याला हक्क आहे.

पूर्ण्याच्या माणसाला यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे ठाण्याला, तक्रार करू शकतो. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची, ती मात्र चुकवू नये.

मालकांच्याही पदरात एक जबाबदारी येते, ती टाळता येत नाही. मे २०२३ मध्ये जयपूरजवळच्या महामार्गावर एका एक्सयूव्ही ७०० ने पेट घेतल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. माणसं वेळीच बाहेर पडली. चौकशीनंतर कंपनीने सांगितलं की बाहेरून बसवलेल्या शोभेच्या दिव्यांसाठी मूळ वायरिंगशी छेडछाड झाली होती. तीन महिन्यांनी आलेली तपासणी आणि ही आग यांचं नातं जोडण्याचं कारण नाही. पण वायर सोलून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत कुठल्याही अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात दिसते. दारात निळे दिवे लागले म्हणून लग्नात गाडी उठून दिसते खरी. तेवढ्यासाठी वॉरंटीही जाते आणि उद्या दोष कुणाचा हे ठरवणंही अवघड होतं.

आता या सगळ्यातला सर्वांत गंभीर मुद्दा. २०२१ चे नियम उत्पादनापासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहेत. ही मर्यादा चुकीची आहे, आणि त्याचा पुरावा जगाने पाहिला आहे. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. उष्णता आणि दमट हवा यांनी ते वर्षानुवर्षं खराब होत जातं, आणि मग छोट्या धडकेतही धातूची डबी फुटून तिचे तुकडे चालकावर येतात. जुलै २०१७ मध्ये सिडनीत ५८ वर्षांचा एक माणूस असा गेला. त्याची गाडी होंडा सीआर-व्ही, कुटुंबाची एसयूव्ही, बनावट २००७ ची. गाडी दहा वर्षांची झाल्यावर दोषाने जीव घेतला. भारतात होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या याच एअरबॅगसाठी बोलावल्या होत्या. ठाण्या-भिवंडीच्या खाडीकाठची चिकट हवा या दोषाला पोसणारीच आहे. आणि दहा-बारा वर्षांची गाडी इथे भंगारात जात नाही, ती तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे सुखाने धावते. म्हणजे जिथे धोका वाढतो तिथेच नियमाचं बळ संपतं.

जपानने यावर सरळ उपाय केला. मे २०१८ पासून, टकाटाच्या धोकादायक एअरबॅग न बदललेल्या गाड्यांना सक्तीच्या तपासणीत पास करणं बंद केलं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये ३० लाखांहून अधिक गाड्यांसाठी सक्तीचा आदेश काढला, २०२० च्या अखेरची मुदत दिली, आणि राज्यांनी दुरुस्त न झालेल्या गाड्यांची नोंदणी रोखली. दोन्ही देशांनी पत्रावर भिस्त ठेवली नाही, गाडीलाच गाठलं.

भारतात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तेवढ्या काळात ती आरटीओच्या फिटनेस तपासणीला जात नाही. पण पीयूसीला जाते. २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचं पीयूसी प्रमाणपत्र आहे आणि त्यात मालकाचा मोबाइल क्रमांक सक्तीचा आहे. पूर्ण्याच्या रस्त्याकडेच्या व्हॅनमध्ये नळी सायलेन्सरला लावून मुलगा गाडीचा नंबर टाइप करतो, तेव्हा आज ती गाडी ज्याच्या हातात आहे त्याचा फोन नंबर सरकारकडे पोचतो. कंपन्यांनी बोलावलेल्या गाड्यांचे चेसिस क्रमांक सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीला जोडले, तर त्याच क्षणी त्या फोनवर मेसेज जाऊ शकतो की तुमच्या गाडीचं अमुक काम बाकी आहे, मोफत आहे. विमा नूतनीकरणाला आणि आरसीवर नाव चढवतानाही हेच करता येईल. परिवहन मंत्रालयाने हे करावं, आणि सुरक्षेच्या दोषांसाठी सात वर्षांची अट काढून टाकावी.

हे होईपर्यंत जुनी एसयूव्ही घेणाऱ्याने टोकन देण्याआधी आरसीवरचा सतरा अक्षर-आकड्यांचा चेसिस क्रमांक कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला द्यावा आणि या गाडीचं कुठलं काम बाकी आहे का, ते विचारावं. मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावरही तो क्रमांक टाकून पाहता येतो. काम बाकी निघालं तर विकणाऱ्याकडून ते आधी करून घ्यावं. आणि ज्याने गाडी विकली आहे, त्याच्या फोनवर कंपनीचं बोलावणं आलं, तर ते पुसण्याआधी नव्या मालकाला पाठवावं.