चौथ्या संध्याकाळचा प्रश्न



गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक छापील कागद आला. आमच्या विवाहाला यंदा चाळीस वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त चिरंजीव आणि सूनबाई आम्हां उभयतांना घेऊन जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाच दिवस पॅरिसला जाणार आणि चातुर्मासापूर्वी घरी परतणार, असा बेत त्यात मांडला होता. कागद नीट आखलेला होता. चौथ्या दिवसापुढे लिहिले होते : ‘सकाळी व्हर्सायचा राजवाडा. सायंकाळी मुलाँ रूज, कॅबरे, भोजनासह.’

मी सूनबाईकडे पाहिले. तोंडाने काही बोलले नाही. पण त्या पाहण्याची आज मला लाज वाटते.

शांततेचा भंग सासूबाईंनी केला. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. “कॅबरे म्हणजे काय रे?” चिरंजीव अडखळला. “आजी, स्टेजवर गाणं-नाचणं असतंय.” “मग तमाशाच म्हण की! पण भोजनासह म्हणजे किती वाजता जेवणार तुम्ही?”

आमच्या घरी रात्रिभोजनत्याग सासऱ्यांच्या काळापासून पाळला जातो. म्हणून पहिली चर्चा सूर्याची झाली. कोल्हापुरात जूनच्या आरंभी सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पॅरिसला त्याच दिवसांत तो पावणेदहापर्यंत आकाशात असतो. म्हणजे तेथे रात्री नऊला जेवले तरी नियम मोडत नाही. याउलट डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या आतच सूर्यास्त होतो. व्रत स्थानिक सूर्यावरच पाळावयाचे असते, हे खरे. तरीही सासूबाई म्हणाल्या, “सूर्य तिथला असंल, पोट मात्र इथलंच घेऊन जाणार नव्हं?” सवलत मिळाली म्हणून ती संपूर्ण वापरलीच पाहिजे असे नाही. आम्ही घड्याळाप्रमाणे सातची मर्यादा ठरविली.

आहाराविषयी आणखी थोडे सांगते. फ्रान्समधील बहुतेक नामांकित चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विकराने दूध विरजवून करतात. ते शाकाहारी समजून घेतले जाते, म्हणून सावध राहावे. मूस आणि थंड गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते. माकारोंमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. ‘सां व्हियांद, सां प्वासाँ, सां झ’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत. एवढे तीन शब्दप्रयोग कागदावर लिहून जवळ ठेवावेत. गार द्यु नोर या स्थानकाच्या मागे ला शापेल भागात तमिळ बांधवांची दुकाने आहेत. तेथे डाळ, तांदूळ, भाजी मिळते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास निम्मी चिंता मिटते.

राजवाड्यांचे नियोजन त्यामानाने सोपे आहे; वार तेवढे सांभाळावे लागतात. व्हर्साय सोमवारी बंद असते, लूव्र मंगळवारी. मंगळवारी लूव्र बंद म्हणून सारी गर्दी व्हर्सायकडे लोटते. तो वार टाळावा. प्रवेशाची वेळ आधी निश्चित करून तिकीट घ्यावे. मुख्य महाल सकाळी पाहावा. उद्यानापलीकडील त्रियानोंचे छोटे महाल दुपारी बारानंतरच उघडतात.

व्हर्साय हा मुळात तेराव्या लुईचा शिकारीचा निवारा. चौदाव्या लुईने १६८२ मध्ये दरबार आणि राज्यकारभार तेथे हलविला. तेथील आरसेमहाल ७३ मीटर लांब आहे आणि त्यात ३५७ आरसे आहेत. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या स्त्रिया भाकरीची मागणी करीत पावसातून पायी याच वाड्यावर चालून आल्या आणि दुसऱ्या दिवशी राजकुटुंबाला पॅरिसला परतावे लागले. परिग्रहाला परिमाण नसले म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी त्या महालात वेगळ्या प्रवचनाची गरज नाही.

हे बोलणे चालू असताना माझ्या लक्षात आले, की आपल्या गावचा नवा राजवाडा मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आतून पाहिला, त्यानंतर नाही. मेजर मँट यांच्या आराखड्याप्रमाणे १८७७ ते १८८४ या काळात तो काळ्या दगडात उभा राहिला. याच मँट यांनी इटलीतील फ्लॉरेन्स येथे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या छत्रीचाही आराखडा केला होता. महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले. परतताना नोव्हेंबरअखेर, ऐन तारुण्यात फ्लॉरेन्सला निवर्तले. पॅरिस तेव्हा प्रशियन सैन्याच्या वेढ्यात होते. परदेशी वाडे पाहण्याआधी सासूबाईंना घेऊन आपला वाडा पाहायचा, हे त्याच वेळी ठरले.

मग पुन्हा चौथी संध्याकाळ आली. मी म्हटले, “तिथे नेमके काय असते ते तरी वाचून दाखवा.” सूनबाईने एक शब्दही न वगळता वाचले. सातला भोजन, नऊला खेळ. भोजनासोबत शॅम्पेन. काही प्रवेशांत नर्तकींच्या अंगावर अपुरे कपडे. बाहेर पडेतो रात्रीचे अकरा. शाकाहारी ताट सांगून मिळते. पण कांदा-लसूण-कंदमुळांचा विचार तेथे कोणी करील, अशी अपेक्षा व्यर्थ.

“ही ओळ घातली तरी कोणी?” मी विचारले. सूनबाई गप्प. चिरंजीव गप्प. तेवढ्यात आमचे हे पाण्याचा पेला खाली ठेवीत म्हणाले, “मी सांगितलं होतं त्याला.”

चाळीस वर्षांत मला ठाऊक नसलेली गोष्ट त्या दुपारी कळली. दुकानात बसण्यापूर्वी ह्यांनी दोन वर्षे येथेच चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. एवढे मला माहीत होते. त्या काळी एका पुस्तकात ह्यांनी तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९१ मध्ये मुलाँ रूजसाठी केलेली जाहिरात पाहिली होती. मोजके रंग, पुढे करडी आकृती, मधोमध नाचणारी बाई. ती पाहून ह्यांनी कितीतरी कागद खराब केले. मग वडील आजारी पडले, दुकान आले आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली. “ती जागा एकदा बघावी वाटायचं,” हे म्हणाले, “तुला सांगितलं तर तू काय म्हणशील, म्हणून पोराला सांगितलं.”

मला कॅबरेपेक्षा हे वाक्य अधिक लागले. मी सुनेवर मनातल्या मनात ठपका ठेवला होता. आणि ज्यांच्याबरोबर चाळीस वर्षे दर्शनाला गेले, त्यांना आपली एक साधी इच्छा माझ्यासमोर बोलता आली नव्हती. आमच्या घरातील नियम शुद्ध राहिले असतील. पण त्यांच्या धाकाने माणसे एकमेकांपासून लपू लागली, तर दोष व्रताचा नाही, व्रत सांभाळणाऱ्याच्या चेहऱ्याचा आहे.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात भोगोपभोगाच्या त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. मर्यादित काळासाठी केलेला तो नियम आणि जन्मभरासाठी केलेला तो यम. त्याच ग्रंथात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुतीही येते, म्हणजे मन मलिन करणारे ऐकणे. प्रवासाला निघताना या विचाराचा मोठा उपयोग होतो. तिकीट काढल्यावर दारात उभे राहून मनाशी झगडण्यापेक्षा, काय पाहावयाचे आणि काय नाही हे घरी, सर्वांसमोर ठरवावे. मात्र ठरविण्याआधी प्रत्येकाला नेमके काय हवे आहे, ते विचारावे.

ह्यांना विचारल्यावर उत्तर सोपे निघाले. ह्यांना चित्र हवे होते. शॅम्पेनही नको होती आणि अकराची रात्रही नको होती. लोत्रेकची चित्रे ओर्से संग्रहालयात आहेत. मुलाँ रूजमधील नाचाचा त्याने १८९५ मध्ये रंगविलेला भव्य फलकही तेथेच आहे. ओर्से सोमवारी बंद असते. पण गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते. आमचा चौथा दिवस गुरुवारच येतो आणि व्हर्सायहून परतणारी आगगाडी ओर्सेच्या दाराशीच थांबते. म्हणून त्या दिवशी सकाळी राजवाडा, बरोबर नेलेल्या डब्याचे सातच्या आत भोजन आणि मग दोन तास चित्रे, असे ठरले. लाल पवनचक्की दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी मोंमार्त्रच्या रस्त्यावरून, उजेडातच पाहता येईल. त्याला तिकीट नाही. सूनबाईची मी त्याच टेबलावर क्षमा मागितली. “आई, पर्युषणाला अजून वेळ आहे,” असे म्हणून ती हसली.

पाचव्या दिवसाची भर मी घातली. मुलाँ रूज ऑक्टोबर १८८९ मध्ये उघडले. त्याच वर्षी त्याच शहरात एमिल गिमे यांचे आशियाई कलेचे संग्रहालयही सुरू झाले. तेथील भारतीय दालनात जिनमूर्ती आहेत. आपल्या राजाराम महाविद्यालयात कित्येक वर्षे अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये १९७३ मध्ये प्राच्यविद्या परिषदेसाठी पॅरिसला गेले होते. शहर दोन्ही दारे उघडी ठेवते. कोणत्या दाराने आत जायचे, ते आपण घरून ठरवून निघावे.

मी हे सांगितले तेव्हा सासूबाईंनी विचारले, “तिथं देवाला अभिषेक होतो का?” संग्रहालयात तो होत नाही, असे मी म्हटले. त्या क्षणभर थांबल्या. “मग काचेपुढं उभी राहून णमोकार म्हण. माझ्या वाटचा पण.”